सहावी खुर्ची नयनची

२ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचा टिटवाळ्याला. नवी इमारत, चौथा मजला, आणि मजल्यावर मी एकटा. बाकीचे फ्लॅट विकले गेलेत, पण राहायला अजून कोणी आलेलं नाही. ठाण्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला ही शांतता काय चीज आहे, ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. तिकडे खिडकीखाली हळदीचा बँड, समोर पूजेचा स्पीकर, आणि ऐन रंगात आलो की आई खालून ओरडणार, केतन, मोटर बंद कर. इतकी वर्षं व्हायोलिन वाजवतोय, पण शेजारच्या कुकरची शिट्टी नाही असं माझं एक रेकॉर्डिंग सापडणार नाही.

घरमालक दामाजी आणि आवडाबाई इथलीच जुनी आगरी माणसं. जमीन त्यांची होती. बिल्डरने बदल्यात फ्लॅट दिले, पण दोघं राहतात मात्र इमारतीला लागून असलेल्या स्वतःच्या बैठ्या घरात. आवडाबाईंना लिफ्टमध्ये गुदमरतं म्हणे. दुपारचं जेवण त्या देणार, मी खाली जाऊन ताट आणायचं, असं ठरलंय. आज तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

विमा कंपनीचे दावे तपासायचं माझं काम घरबसल्या चालतं आणि दुपारपर्यंत आटपतं. पुढचा सगळा दिवस माझा आणि व्हायोलिनचा. आता बघू ठाकुर्लीवाली काय म्हणते ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठाकुर्लीवाली म्हणजे दक्षता. आमचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, ‘घरचा वाद्यवृंद’. नागपूर, नाशिक, कुठले कुठले हौशी लोक घरी वाजवून, घरीच जुळवून ऑर्केस्ट्राच्या रचना तिथे टाकतात. नियम दोनच. संगणकातले तयार आवाज चालणार नाहीत, आणि ज्याने ज्याने वाजवलं त्याचं नाव खाली लिहायचं. दक्षता चेलो, म्हणजे खाली टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवते. तिच्या हॉलमध्ये भावंडं, विद्यार्थी, शेजारी असे आठ-नऊ जण खरेखुरे येऊन बसतात, आणि तिच्या रचनेखाली नावांची रांग लागते. माझ्या रचनेखाली एकच नाव असतं. आम्ही कधी भेटलेलो नाही, फक्त दोन-तीनदा फोनवर बोललोय. फोनवर ती फार गोड बोलते, त्यामुळे मनासारखा रागही धरता येत नाही.

एकट्या माणसाने सहा जणांचा आवाज काढायची एक रीत आहे. पहिल्या खुर्चीवर बसून ओळ वाजवायची, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर बसून तीच ओळ पुन्हा, असं करत सहाव्या खुर्चीपर्यंत जायचं. मग सगळं एकावर एक ठेवायचं. पण नुसती खुर्ची बदलून भागत नाही, माणूसही बदलावा लागतो. एका खुर्चीवर घाईवाला, एकीवर आळशी, एकीवर व्हायोलिनचा गज तारांवर दाबून धरणारा. तसा माणूस मनात उभा करायचा आणि त्याच्यासारखं वाजवायचं.

आवडाबाईंकडे कार्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आहे, पाठीवर दामाजींचं नाव रंगवलेलं. सहा मागितल्या. एकट्याला सहा कशाला, असं त्यांनी विचारलं, म्हणून त्यांनाही ही रीत सांगितली. म्हणजे तू आंगान आनतंस म्हन, असं म्हणून त्यांनी अंगात आल्यासारखं घुमून दाखवलं आणि पोट धरून हसल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

माझी नवी रचना ‘खाडी’ आज टाकली. तीन दुपारी घाम गाळला होता. दक्षताने लिहिलं की छान प्रयत्न आहे, पण सहाही खुर्च्यांवर केतनच बसलाय हे ऐकू येतं. त्याच्याखाली नाशिकच्या पंढरीने हसरं तोंड टाकलं, आणि मग काय, सगळ्यांनीच टाकली.

अंगाचा तिळपापड झाला. त्यात तिने स्वतःची नवी रचनाही आजच टाकलेली. खाली नऊ नावं. मी ती तीनदा ऐकली. वाईट असती तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक उद्योग केला. ग्रुपवर नयन नावाचं एक खातं उघडलं. चेहऱ्याच्या जागी गजाचा फोटो लावला. मग माझ्या खात्यावरून लिहिलं की नयन माझा दोस्त, मूळचा डहाणूकडचा, आता इथे माझ्यासोबतच राहतो, आणि पुढच्या रचनेत माझ्याबरोबर वाजवणार आहे. लाजाळू आहे, फोनवर येत नाही, म्हणून त्याच्याशी थेट बोलायचा हट्ट कोणी धरू नये.

थोडी चोरी आहे, पण कोणाचं काय बिघडलं? त्यांना नावं हवीत तर घ्या नाव.

दुपारी सहाव्या खुर्चीवर नयनला बसवलं. पाच खुर्च्या मी नेहमीसारख्या वाजवल्या, पण सहावीसाठी खूप विचार केला. अंगाने किडकिडीत. डोळे मिटून वाजवणारा. कशाची घाई नाही, कोणाला काही दाखवायचं नाही. सूर यायचा तेव्हा येईल, असा बसणारा. थोडक्यात माझ्यात जे नाही ते सगळं त्याला देऊन टाकलं. खिडकीजवळची ती खुर्ची त्याला शोभून दिसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपने डोक्यावर घेतलं! दिवसभर फोन हातातून सुटला नाही. पंढरीने चक्क माफी मागितली. आणि दक्षताने एवढा मोठा मजकूर लिहिला. खिडकीकडून येणारं ते सहावं व्हायोलिन ऐकताना तिला चेलो खाली ठेवावा लागला. इतका साधा सूर तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आधी मी उड्या मारल्या. मग पुन्हा वाचलं. सगळं नयनबद्दल. माझं नाव एकदाच होतं, तेही नयनला शोधून आणल्याबद्दल आभार मानताना.

अरे, पण तो मीच आहे ना? मग कौतुक माझंच झालं. असं स्वतःला चारदा सांगितलं, तरी पोटात दुखायचं ते दुखलंच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रेकॉर्डिंगमधली नयनची ओळ वेगळी काढून ऐकली. शेवटच्या सुरावर तो खालून हळूच सरकत वर येतो. ती सरक मी घेतलेली नाही. मला ती येतच नाही. आज दुपारभर घ्यायचा प्रयत्न केला, दर वेळी मांजरावर पाय पडल्यासारखा आवाज निघाला. त्या दिवशी बोट घसरलं असेल आणि नशिबाने चांगलं घसरलं असेल, दुसरं काय.

ताट आणायला खाली गेलो तर आवडाबाईंनी दोन ताटं वाढून ठेवलेली. त्यांच्या अंगणात वरचं वाजवणं ऐकू जातं. दोन माणसांचं वाजवणं दोन असतं, ते काय कळत नाही का, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मी एकटाच असतो. त्यावर हसून म्हणाल्या, “तुजा तो दोस्त ब्येस वाजवतं रं. त्याला सांग, लाजू नको, खाली ये जेवाला.”

दोन्ही ताटं वर आणली. एक तसंच राहिलं. टाकवेना म्हणून रात्री तेच खाल्लं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दक्षताचा फोन. तिच्या नव्या रचनेत एक एकट्या व्हायोलिनची जागा आहे आणि ती तिने नयनसाठी लिहिली आहे. मी म्हटलं, मीही वाजवतो की. ती फार गोड आवाजात म्हणाली की तू मागच्या रांगेत खूप चांगला आधार देतोस.

आधार देतो. मांडवाचा खांब आहे मी.

ठीक. नयनच्या नावाने मीच वाजवेन, पण मुद्दाम माझ्या पद्धतीने, पहिल्या खुर्चीवर बसून. मग बघू तिला फरक कळतो का. दुपारी रेकॉर्डिंग केलं. भरभर, ठसक्यात, पुरा केतन. मग ऐकलं.

मी वाजवलेलं त्यात नाही. त्यात नयन आहे. संथ, डोळे मिटून, खिडकीकडून. मी पहिल्या खुर्चीवर होतो, ती दाराजवळ आहे. माईकची तार तपासली, सगळं पुन्हा जोडलं, पुन्हा वाजवलं. पुन्हा तोच.

आणि खरं सांगायचं तर घाबरण्याआधी मला राग आला. माझ्या हातांनी वाजवतोय आणि माझ्यापेक्षा चांगलं वाजवतोय.

१ मार्च, शनिवार

ग्रुपवर जाहीर केलं की नयन गावी गेला, परत यायचा नाही. सहावी खुर्ची खाली नेऊन आवडाबाईंच्या चळतीवर ठेवून आलो.

सगळे हळहळले. दक्षताने विचारलं की त्याचं आणि माझं काही बिनसलं का. केतन, तू कसा आहेस, असं एकाने विचारलं नाही.

दुपारी पाचच खुर्च्यांवर वाजवलं. आता मात्र फक्त मी, असं म्हणून रेकॉर्डिंग कानाला लावलं. माझे पाचही आवाज होते, पण बारीक झालेले, बंद दाराआड वाजवल्यासारखे. आणि त्यांच्यावर तो, अगदी जवळ.

वळून बघितलं. खिडकीजवळ लाल खुर्ची होती.

खाली जाऊन आवडाबाईंना विचारलं. म्हणाल्या, तुझा दोस्तच तर मघाशी घेऊन गेला.

५ मार्च, बुधवार

सगळं कबूल करून टाकलं. दक्षताला फोन करून सांगितलं की नयन नावाचा कोणी नाही, मी बनवला, खातंही मीच उघडलं. तुझ्या नऊ नावांचा हेवा वाटला म्हणून. हे सांगणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

तिचा आवाज थंड झाला. “इतका हेवा बरा नाही रे, केतन. तू असं म्हणशील हे नयनने मला कालच लिहिलेलं. मी कोणाला बोलणार नाही, पण त्याच्याशी नीट वाग.”

काल. मी काल त्या खात्यावर गेलोच नव्हतो. आता जाऊन बघतो तर पासवर्ड चालत नाही. मीच ठेवलेला, माझ्या जन्मगावाचा.

तिने लिहिण्याबद्दल सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला? की तिने मला कधी आपणहून लिहिलेलं नाही.

९ मार्च, रविवार

खाली एकच ताट होतं. चला, संपलं एकदाचं, असं वाटून हात पुढे केला. आवडाबाईंनी ताट दिलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून वर खिडकीकडे बघत होत्या. मग हाक मारली, “नयन, ये रं, निवतंय.”

मी तिथेच उभा होतो. मावशी, मी केतन, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. दामाजी झोपाळ्यावर बसले होते, त्यांनीही मान वळवली नाही.

ताट ओट्यावर ठेवून त्या आत गेल्या. मी थोडा वेळ नळाजवळ उभा राहिलो. मग बघितलं तर ताट नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

व्हायोलिन वाजवतो. गज चालतो, तारा थरथरतात, बोटांना कळतं. ऐकू येत नाही.

मला बाकी सगळं ऐकू येतं. पंखा, लिफ्ट, खालच्या कोंबड्या. फक्त मी नाही.

आईचा फोन आला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी घसा फुटेस्तोवर बोललो. शेवटी ती कोणाला तरी म्हणाली की नेटवर्क नसेल, आणि फोन ठेवला. मेसेज लिहिले, ते जात नाहीत.

लिहिलेलं दिसतं, एवढंच. म्हणून लिहितो.

१३ मार्च, गुरुवार

होळी. संध्याकाळी आवडाबाईंच्या अंगणाबाहेर सगळी आळी जमलेली. इथे होळीला बोंब मारतात, लहानथोर सगळे, तोंडावर हात घेऊन. मी गर्दीत घुसलो. इतक्या जणांत माझी बोंब कोणाला ऐकू येणार, पण मला तर येईल. छाती भरून मारली. पुन्हा मारली. आजूबाजूला नुसता कल्ला, आणि माझ्या तोंडाच्या जागी —

एक बाई माझ्या जागेवर येऊन उभी राहिली. मला बाजूला व्हावं लागलं.

वर खिडकीतून व्हायोलिन सुरू झालं. सगळ्यांच्या बोंबा थांबल्या. होळी सोडून माणसं मान वर करून ऐकत राहिली.

मी कधीच एवढ्या माणसांना गप्प केलेलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बॅग भरली. ठाण्याला जायचं, आईसमोर जाऊन उभं राहायचं. ऐकू नाही आलं तरी ती बघेल. आई आहे ती. बाकी सगळं त्याला राहू दे.

स्टेशनवर पोचलो. गाडी लागलेली होती.

सहज फोन बघितला. ग्रुपवर दक्षताने सगळ्यांना कळवलेलं, रविवारी ती टिटवाळ्याला येणार. नयनला भेटायला. त्याच्यासमोर बसून ऐकायला.

माझ्या घरी. ती. त्याच्यासाठी.

गाडी समोरून गेली. मी बॅग उचलून परत आलो.

१५ मार्च

माहीत आहे मूर्खपणा आहे. पण ती येईल तेव्हा मी तिथे नसेन, आणि तो बसलेला असेल, आणि ती त्याच्याकडे बघून — नाही. ती मला बघेल. ऐकू नाही आलं तरी हात बघेल माझे. हातावरून कळतं वाजवणाऱ्याला.

सहाही खुर्च्या पुसल्या. सहावी दाराकडे तोंड फिरवून ठेवली. बघतो तर परत खिडकीकडे तोंड करून उभी.

१६ मार्च, रविवार, दुपार

आली. आवडाबाई जिना चढून तिला घेऊन आल्या. पिवळा कुर्ता. फोनवर वाटते त्यापेक्षा लहान आहे.

मी दार उघडलं. माझ्याजवळून आत गेली. पंख्याची हवा लागावी तशी मान जरा फिरवली, बस.

स्वयंपाकघरातून लिहितोय. इथून ती दिसते. खिडकीकडची खुर्ची दिसत नाही, मधे भिंत आहे. त्याने सुरुवात केली.

ती रडतेय —

माझी ‘खाडी’ वाजवतोय. माझीच. मी वाजवायचो तेव्हा ती अशी नव्हती.

बाहेर जाऊन तिच्या पुढ्यात उभा राहून वाजवलं. बोटाचं कातडं निघालं. ती किंचित बाजूला झुकली, पलीकडचं दिसावं म्हणून.

व्हायोलिन फरशीवर आपटलं. दोन तुकडे, मान वेगळी, तारा सुटल्या. आवाज झाला नाही. तिकडचा सूर थांबलाही नाही.

आता संपवलं त्याने. ती बोलतेय. केतन कुठे आहे, विचारते. माझं नाव घेतलं. स्वतःहून घेतलं —

तो बोलला. पहिल्यांदाच. माझा आवाज आहे. माझाच, हुबेहूब.

“केतन म्हणून कोणी नव्हताच. मी एकटाच वाजवायचो. सगळे नावं मागायचे, म्हणून एक जास्तीचं नाव ठेवलेलं.”

ती हसली. रागावली नाही. “मला शंका होतीच. त्याच्या सुरात माणूस कधी ऐकूच आला नाही.”

आवडाबाई मान हलवतायत. त्या मला जेवायला वाढायच्या. त्या सांगतील. मावशी, सांगा ना —

त्या खुर्च्या उचलायला लागल्या. एकाला एवढ्या कशाला, म्हणतायत. एकीवर एक ठेवतायत. पाच नेणार. खिडकीकडची ठेवणार.

दाराजवळची माझी. पहिली. तिच्यावर जाऊन बसतो. बसलेला माणूस उचलता येत नाही. हातात ही वही आणि पेन घेऊन बसतो, दक्षताला निदान वहीतलं अक्षर दिसेल, वही आपोआप हवेत राहत नाही, कोणीतरी धरलीय हे तिला कळे—

बसलो. आवडाबाई आल्या. खुर्चीला हात घातला. उचलतायत. जड लागत नाहीये त्यांना, दक्षता, इकडे बघ, मी के